कुमुदचा डोंगर

"हा डोंगर किती उंच आहे हो?" कुमुदने विचारलं, आणि हात लांब करून मटारचं एक साल माझ्या फोटोवर ठेवलं.

"कुठला डोंगर?"

"हा काय, तुमच्या पोटाजवळचा. लांबलचक. मालगाडी उभी असल्यासारखा."

मी साल उचलून ताटलीत टाकलं. "तो डोंगर नाही, ती घळ आहे. आणि कामाच्या कागदावर भाजी ठेवू नये."

"कामाचा कागद माझ्या जेवायच्या टेबलावर आहे. भाजीने काय घोडं मारलंय?"

१९९६ सालचा डिसेंबर होता. कुमुदचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. ती महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. शाळेची पायरी उतरताना तिच्या एका हातात वह्यांचा गठ्ठा होता आणि दुसऱ्या हाताने ती एका पोराचं नाक पुसत होती. पायाकडे बघायला कुणी उरलं नाही. आमची मुलगी शर्वरी तेव्हा नागपूरला वसतिगृहात होती. घरात तिसरं माणूस नाही, म्हणून मी साहेबांची परवानगी काढून काम घरी आणलं होतं. सकाळी कुकर लावायचा, कुमुदला खुर्चीत बसवायचं, तिचा पाय स्टुलावर ठेवायचा आणि टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मी फोटो पसरायचा. पलीकडे ती. ती भाजी निवडायची आणि मला नावं ठेवायची. दोन्ही कामं मन लावून करायची.

"तुमचा 'ल' फार केविलवाणा येतो," ती मध्येच म्हणायची.

"तुला तिकडून वाचता येतं?"

"पंचवीस वर्षं काय करतेय मी? बाकापुढे उभं राहिलं की सगळ्या पाट्या उलट्याच दिसतात. पोरं 'बाई, बघा' म्हणतात, पाटी काही फिरवत नाहीत."

माझी नोकरी उपग्रहाने काढलेले फोटो वाचायची. आठशे-नऊशे किलोमीटर वरून काढलेला फोटो टेबलावर ठेवायचा, त्यावर पारदर्शक फिल्म चिकटवायची आणि जमिनीवरच्या सरळ रेषा शोधून काढायच्या. निसर्गात फारसं काही सरळ नसतं. ओढा नागमोडी जातो, टेकड्या कुठेही उगवतात. एखादी रेषा पट्टीने मारल्यासारखी सरळ दिसली तर तिथे खाली काहीतरी आहे असं समजायचं. ते दोन प्रकारचं असू शकतं. एक म्हणजे भ्रंश. भ्रंश म्हणजे खडकाला गेलेली खोल चीर, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकतात. तिथला खडक भरडला जातो, पाणी तो वाहून नेतं आणि सरळ घळ तयार होते. अशी चीर अजून सरकत असेल तर तिथे धरणीकंप होतो. दुसरा प्रकार काळ्या दगडाच्या भिंतीचा. फार जुन्या काळी भेगेत लाव्हा घुसला, तिथेच थिजला आणि आजूबाजूची माती झिजल्यावर उघडा पडला. ती सरळ दांड असते. तिच्यापासून कुणाला काही त्रास नसतो.

खानदेशाच्या पश्चिम टोकाला टेंभुरबारी नावाचं गाव आहे. त्या वर्षी तिथे आठ महिने लहान-लहान हादरे बसत होते. मुलींच्या आश्रमशाळेच्या भिंती फाटल्या होत्या आणि एकशे ऐंशी मुली पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होत्या. नवी शाळा बांधायची ठरली. जागा दोन होत्या, एक गावाच्या दक्षिणेला, एक उत्तरेला. कुठली घ्यायची हे सांगायला आमच्या केंद्राला आठ दिवस दिले होते, आणि केंद्राने ते काम मला दिलं होतं, कारण वीस वर्षांत माझी एकही रेषा चुकली नव्हती. हे मी म्हणत नाही, सगळं ऑफिस म्हणायचं. मी फक्त नाही म्हणायचो नाही.

फोटोत गावाच्या दोन्ही बाजूंना एकेक रेषा होती. दक्षिणेला घळ, उत्तरेला दांड. म्हणजे दक्षिणेला भ्रंश, उत्तरेला दगडी भिंत. शाळा उत्तरेला बांधावी. मला त्यात कणभर शंका नव्हती.

"आणि माझ्या बाजूला हा खड्डा आहे," कुमुद म्हणाली. "लांबच लांब खड्डा. नाला असेल."

"ती दांड आहे."

"तुमचा डोंगर म्हणजे घळ आणि माझा खड्डा म्हणजे डोंगर?"

"अगं, हे शास्त्र आहे. याला शिकावं लागतं."

"शिकल्यावर डोंगर दिसेनासा होतो का?"

मी पेन खाली ठेवलं. "पैज लाव."

"लावते. डोंगर निघाला तर महिनाभर पोळ्या तुम्ही करायच्या. आत्ता करता तसला भात नाही. पोळ्या. मऊ."

"आणि घळ निघाली तर?"

तिने विचार केला. "महिनाभर तुमच्या कामाबद्दल एक शब्द बोलणार नाही."

"एवढ्यासाठी मी स्वतः जाऊन तिथे घळ खणून येईन."

कुकरची चौथी शिट्टी झाली. भात लागला होता. त्याबद्दल ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

नकाशा मी सहा दिवसांत दिला. खालच्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात: रेखाटले, तपासले, मंजूर. पहिल्यात माझी सही. दुसऱ्यात सहकारी खर्शीकरांची. त्यांनी नकाशा उलगडलासुद्धा नाही. "गोरक्षकरांच्या रेषेत मी काय तपासणार?" म्हणाले आणि सही करून चहाला गेले. तिसऱ्यात संचालक डॉ. बेलसरे यांची. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघायला वेळ नव्हता आणि कुणी मागितलाही नाही. जिल्ह्यातून उत्तर आलं, उत्तरेची जागा नक्की झाली, सव्वीस जानेवारीला भूमिपूजन.

हे सगळं मी घरी येऊन कुमुदला सांगितलं. जरा छाती काढूनच सांगितलं.

"छान," ती म्हणाली. "पण तो डोंगरच आहे."

जानेवारीच्या दहा तारखेला तिचं प्लास्टर काढलं. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन थोडं थोडं चाला. ती घरी आली, दोन वेळा दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेली, पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "टेंभुरबारीला एसटी जाते का?"

"वेड लागलंय का? डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंय."

"एसटीत कोण चालतं? बसूनच जायचंय. पैज लावलीय आपण. निकाल नको का?"

"मला सरकारी दौरा मिळणार नाही. काम संपलंय."

"मग रजा टाका. बायकोला फिरायला नेतोय म्हणा. लग्नाला तेवीस वर्षं झाली, महाबळेश्वरनंतर कुठे नेलंय?"

मी पुष्कळ कारणं सांगितली. ती ऐकत होती आणि पिशवीत कपडे भरत होती. शेवटी म्हणाली, "अहो, एकशे ऐंशी पोरी आहेत. माझ्या वर्गात बेचाळीस आहेत तर डोकं उठतं. घळ असेल तर बरंच आहे. मी महिनाभर गप्प बसेन. तुम्हाला काय नुकसान आहे?"

नुकसान काहीच नव्हतं. म्हणून आम्ही गेलो.

टेंभुरबारीत आश्रमशाळेच्या अधीक्षिका होत्या जमनाबाई वळवी. गावच्याच, पन्नाशीच्या, काटक बाई. एसटीच्या थांब्यावर त्या बैलगाडी घेऊन आल्या होत्या, कारण मी पत्रात 'पत्नीचा पाय दुखावला आहे' असं लिहिलं होतं.

"साहेब, तुम्हीच आमचा नकाशा केला ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधी आला होता? दिसला नाहीत."

"इथे आलो नव्हतो. उपग्रहाच्या फोटोवरून करतात."

त्या हसल्या नाहीत, पण गाडीवानाकडे बघितलं. "वरून बघितलं. म्हणजे चांगलंच दिसलं असेल."

"फार चांगलं दिसतं," कुमुद म्हणाली. "डोंगरसुद्धा दिसत नाही इतकं चांगलं."

त्या दोघींचं तिथेच जमलं. गाडीत दोघी पुढे बोलत होत्या, मी मागे पाय सोडून बसलो होतो. मुलींबद्दल विचारल्यावर वळवी बाई म्हणाल्या, "आधी जमीन गडगडली की रडायच्या. आता कूस बदलून झोपतात. तेच मला आवडत नाही. पोरींना सवय झाली भीतीची."

मी म्हणालो, "आधी दक्षिणेच्या बाजूला चला. तिथली घळ बघायची आहे."

"दक्षिणेला घळ?" वळवी बाई मागे वळल्या. "दक्षिणेला घळ नाही साहेब. दांड आहे. काळ्या दगडाची. आम्ही लहानपणी त्यावर करवंदं खायला जायचो."

कुमुद पदराचं टोक नीट करत बसली.

"थोडी पुढे असेल," मी म्हणालो.

वीस मिनिटांनी गाडी थांबली. समोर दांड होती. पंधरा मीटर उंच, काळीभोर, डावीकडून उजवीकडे नजर जाईल तिथपर्यंत सरळ. मालगाडी उभी असल्यासारखी.

मी खाली उतरलो. होकायंत्र काढलं. सुई बरोबर वाटली नाही म्हणून हातावर आपटून बघितलं. मग गाडीवानाला विचारलं की हे टेंभुरबारीच ना. तो म्हणाला हो. दुसरं टेंभुरबारी आहे का जवळपास? तो म्हणाला, नाही, हे एकच, हेच पुरतं आम्हाला. मी दांडीवर चढलो, हातोडीने दगड फोडला. आतून निळसर काळा, घट्ट, कुठे भेग नाही. शाळेच्या पायाला यापेक्षा चांगली जागा जिल्ह्यात सापडली नसती. आणि ही जागा मी रद्द करवली होती.

मी खाली आलो. कुमुद गाडीतच बसली होती, पाय लांब करून. मी पिशवीतून फोटो काढला आणि गाडीच्या फळ्यांवर पसरला. मी मागच्या बाजूने जमिनीवर उभा, ती आतल्या बाजूला. मी बघत राहिलो. समोर दांड उभी होती आणि फोटोत घळ. किती वेळा डोळे मिटून उघडले तरी घळच.

"हे बघ, ही घळ आहे की नाही?" मी जवळजवळ ओरडलोच. "तूच सांग."

कुमुदने काठीचं टोक हलकेच फोटोवर ठेवलं. "हा डोंगर," ती म्हणाली. "हे गाव. आणि हा इकडे खड्डा. मला पहिल्या दिवसापासून असंच दिसतंय हो. मी काय करू?"

मी तिच्याकडे बघितलं, मग फोटोकडे. फोटोखालची पट्टी, तारीख, आकडे, सगळं माझ्याकडून सुलट होतं. तिच्याकडून उलटं.

मी गाडीत चढलो. चढताना डोकं आपटलं. कुमुदच्या शेजारी जाऊन बसलो आणि तिच्या बाजूने फोटोकडे बघितलं.

घळ वर आली. खरंच, डोळ्यांदेखत वर आली आणि दांड झाली. आणि पलीकडची माझी दांड खाली गेली, तिची घळ झाली.

हे का होतं ते सांगायला हवं. माणसाच्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय असते. उपग्रह आपल्यावरून सकाळी जातो. हिवाळ्यात तेव्हा ऊन आग्नेयेकडून येतं आणि सावल्या वायव्येला पडतात. उत्तर वर ठेवून फोटो बघितला तर उजेड खालून आल्यासारखा होतो, आणि डोळा फसतो. उंच ते खोल दिसतं, खोल ते उंच. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. म्हणून फोटो नेहमी उलटा ठेवायचा, सावल्या आपल्याकडे येतील असा. ऑफिसात वीस वर्षं मी तसाच ठेवला होता. घरी पहिल्या दिवशी गावांची नावं लिहायची होती म्हणून अक्षरं सुलट करून घेतली, तेवढ्यात कुकर झाला, आणि फोटो परत फिरवायचा राहून गेला. आमच्या सरकारी नकाशावर उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरवर असतात. पंधरा मीटरची दांड आणि जेमतेम तेवढीच घळ त्यात निसटून गेल्या. सहा दिवस मी चुकीच्या बाजूला बसलो होतो आणि बरोबर बाजूला मटार सोलणं चाललं होतं.

मी वाट बघत होतो की कुमुद आता बोलेल. महिनाभर पुरेल इतकं बोलायला तिला जागा होती. ती फक्त म्हणाली, "डोकं फार लागलं का?"

उत्तरेची घळ तिथून दोन किलोमीटर. काठावर नव्या शाळेची आखणी झाली होती. चुन्याच्या पांढऱ्या रेघा, खोल्या, व्हरांडा, स्वयंपाकघर. पाच-सहा मुली तिथे खेळत होत्या. एकीने आम्हाला थांबवलं. "बाई, तिकडून नका येऊ. तिथे भिंत आहे. दारातून या."

कुमुद काठी टेकत फिरून चुन्याच्या दारातून आत गेली. मीही गेलो.

"ही माझी झोपायची जागा," मुलगी म्हणाली. "खिडकीजवळ. सुनंदाला पण हीच पाहिजे, पण मी आधी सांगितलं."

मी घळीत उतरलो. ओढ्याच्या काठाची माती पाण्याने कापून उभी राहिली होती. त्यात गोट्यांचा एक पांढुरका थर होता, नदीने पूर्वी कधीतरी आणून टाकलेला. तो थर सरळ येत होता आणि एका जागी तुटला होता. पलीकडचा भाग हातभर खाली गेला होता. गोटे फार जुने नव्हते. म्हणजे चीर त्यांच्यानंतर सरकली होती. ती झोपलेली नव्हती. मी वर बघितलं. बरोबर माझ्या डोक्यावर त्या मुलीची खिडकी होती.

परतीच्या एसटीत धुळ्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. मग म्हणालो, "सोमवारी देतो सुधारित नकाशा. लिहितो की अधिक माहिती उपलब्ध झाल्यामुळे फेरबदल केला आहे."

"कुठली अधिक माहिती?"

"तशी पद्धत असते लिहायची."

"मग ते काम थांबवतील का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. सुधारित नकाशे टपालाने जातात, टेबलांवर फिरतात, दोन-तीन महिने लागतात. भूमिपूजन नऊ दिवसांवर होतं. चूक झाली, काम थांबवा, असं कुणीतरी स्पष्ट म्हटल्याशिवाय कुणी थांबणार नव्हतं. आणि ते म्हणायला एकच माणूस होता.

"वीस वर्षं झाली कुमुद," मी म्हणालो. "एक रेषा चुकली नाही. हसतील सगळे."

"हसू देत की. मी रोज हसते, तुम्हाला काय झालंय?"

मी तिकिटाची घडी घालत बसलो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "माझ्या वर्गात एक पद्धत आहे. स्वतःची चूक स्वतः उभं राहून सांगितली की रंगीत खडू मिळतो. दुसऱ्याने दाखवली तर पांढरासुद्धा नाही."

"ही चूक तू दाखवलीस."

"छे. मी डोंगर दाखवला. चूक तुम्ही बघितलीत. मला त्यातलं काय कळतंय? हे शास्त्र आहे, याला शिकावं लागतं."

सोमवारी अकरा वाजता मी संचालकांच्या खोलीत गेलो. आठवड्याची बैठक चालू होती, दहा-बारा जण होते. साहेबांच्या खुर्चीशेजारी उभं राहून मी फोटो घरी ठेवला होता तसाच, अक्षरं सुलट ठेवून, टेबलावर पसरला आणि उभ्यानेच सांगितलं की टेंभुरबारीचा नकाशा चुकला आहे. दांड आणि घळ उलट झाल्या आहेत. चूक माझी आहे. मी जाऊन बघून आलो. आजच्या आज जिल्ह्याला कळवलं नाही तर शाळा जाग्या भ्रंशावर बांधली जाईल.

खर्शीकर टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"हे तुमच्या लक्षात कसं आलं?" बेलसरे साहेबांनी विचारलं. आवाज थंड होता.

"माझ्या नाही आलं सर. बायकोच्या आलं."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

"त्या भूगर्भशास्त्र शिकल्या आहेत?"

"नाही सर. पहिली-दुसरीला शिकवते. ती पलीकडे बसली होती."

बेलसरे साहेब हसत नव्हते. त्यांनी फोटोकडे बघितलं, त्यावरच्या पट्टीकडे बघितलं आणि खुर्ची मागे सारली. टेबलाला वळसा घालून ते पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिथून वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खर्शीकर उठून गेले. मग एकेक करत सगळेच. एवढं मोठं टेबल, आणि दहा-बारा शास्त्रज्ञ एका बाजूला दाटीवाटीने उभे, दुसऱ्या बाजूला मी एकटा.

"फॅक्स लावा," साहेब म्हणाले. "आधी फोन लावा."

संध्याकाळी घरी आलो तर माझ्या ताटाशेजारी, मीठ वाढतात त्या जागी, एक खडू होता. गुलाबी. अर्धा झिजलेला.

"नवा नव्हता का?" मी विचारलं.

"नवा पहिल्या चुकीला देत नाही," ती म्हणाली. "सवय लागते."

आणि मग समोर परात ठेवली. महिनाभर मी पोळ्या केल्या. रोज पहिली पोळी ताटात पडली की कुमुद ती उचलायची, उलटी करायची आणि म्हणायची, "थांबा, या बाजूने गोल दिसते का बघू."

त्या वर्षी माझी बढती गेली. यामुळेच गेली असं कुणी लेखी दिलं नाही. ऑफिसात पुढची दहा वर्षं मी कुठलाही नकाशा उघडला की कुणीतरी विचारायचं, "वहिनींना दाखवला का?" पहिल्यांदा राग यायचा. पुढे मी खरंच दाखवायला लागलो. ती बघायची आणि म्हणायची, "बरा आहे. 'ल' सुधारा."

शाळा दांडीवर बांधली. अजून उभी आहे. मोठा भूकंप तिथे आजवर झाला नाही. झाला तर आम्ही बरोबर ठरू, आणि मला बरोबर ठरायचं नाही.

निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने तोच फोटो फ्रेम करून दिला. बेलसरे साहेब तोवर निवृत्त झाले होते, पण कार्यक्रमाला आले. ही कल्पना त्यांचीच, असं मागाहून कळलं. कुमुदने तो जेवायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. दक्षिण वर, पट्टी वर, अक्षरं सगळी उलटी. येणारा प्रत्येक माणूस सांगायचा की वहिनी, फ्रेम उलटी लागलीय. ती म्हणायची, "ह्यांनीच लावली. ह्यांना सवय आहे."

कुमुदला जाऊन आता चौदा महिने झाले. गेल्या महिन्यात शर्वरी आली आणि घराचं रंगकाम काढलं. भिंती पिवळट दिसतात, बाबा, म्हणाली. रंगाऱ्यांनी सगळं उतरवलं, सगळं परत लावलं. दोन-तीन दिवस माझ्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी चहा पिताना समोर बघितलं, तर दांडीच्या जागी घळ. सरळ, खोल, काळी. अक्षरं सगळी सुलट.

मी उठलो आणि स्टूल ओढलं.

"बाबा, काय करताय? चढू नका."

"फोटो उलटा लागलाय."

"नाही हो. आत्ताच सुलट लागलाय. आधी उलटा होता. मी मुद्दाम बघून लावून घेतला. खाली अक्षरं बघा ना."

"तुला कळत नाही," मी म्हणालो. "आईला विचार."

शर्वरी पुढे आली आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहिली.

मी चढलो, फ्रेम काढली आणि फिरवून लावली. खाली उतरून टेबलाशी बसलो आणि बघितलं.

डोंगर वर आला.